टीव्हीला लॅपटॉप जोडल्यावर कडा कापल्या जातात आणि अक्षरं फिसकटतात, काय करावं?

पाऊलवाट

४३ इंची फोरके टीव्हीला लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडला आहे. लॅपटॉपवर विंडोज ११. चित्र येतं, आवाज येतो, पण दोन गोष्टी जमत नाहीयेत. खालचा टास्कबार अर्धाच दिसतो, घड्याळ तर पडद्याबाहेरच गेलंय. डावीकडच्या आयकॉनांची नावंही कापली जातात. दुसरा त्रास अक्षरांचा. सिनेमा लावला की चित्र झकास, पण एक्सेल उघडलं की बघवत नाही. काळ्या अक्षरांभोवती पांढुरकी कड येते आणि लाल अक्षरं पार फिसकटलेली दिसतात. रिझोल्यूशन कमीजास्त करून झालं, उपयोग नाही.

आई घरी हिशेबाचं काम करते. लॅपटॉपवरचे बारीक आकडे तिला आता वाचवत नाहीत, म्हणून हा खटाटोप. केबल बदलू का? चांगल्यातली घ्यायची तयारी आहे.

तारतम्य

एवढ्यासाठी केबल घेऊ नका. तुमच्या दोन्ही तक्रारींचा केबलशी संबंध नाही.

एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपात जातं. केबल कमजोर असली की काही आकडे चुकीचे पोचतात. मग पडद्यावर ठिपके चमचमतात, मध्येच एखादी रेघ येते, नाहीतर पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. अक्षरं 'जराशी पुसट' होणं हे केबलचं लक्षणच नाही. कडा कापल्या जाणं तर नाहीच नाही.

कडा टीव्ही कापतोय. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राची कड सरळ यायची नाही, म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कड चौकटीमागे दडवत. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. नळ्या गेल्या तरी ही सवय सुटली नाही. आजही बरेच टीव्ही एचडीएमआयवरून आलेलं चित्र चहूबाजूंनी थोडंसं ताणतात. सिनेमात ते लक्षातही येत नाही, पण टास्कबार नेमका त्या कापल्या जाणाऱ्या पट्टीत असतो. शिवाय चित्र ताणलं गेलं की लॅपटॉपचा एक पिक्सेल टीव्हीच्या एका पिक्सेलवर बसत नाही, त्यामुळे अक्षरंही बिघडतात. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ काही अंशी एकच आहे.

रिमोट घ्या आणि पिक्चर सेटिंगमध्ये जिथे १६:९, ४:३, झूम असे पर्याय येतात तिथे जा. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'फिट टू स्क्रीन', सोनीत 'डिस्प्ले एरिया'खाली 'फुल पिक्सेल', शार्पमध्ये 'डॉट बाय डॉट'. मॉडेलप्रमाणे नाव थोडं इकडेतिकडे होईल, पण काम तेच.

एक कळकळीची विनंती. लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमधून चित्र आकसून बसवू नका. हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि टास्कबार दिसू लागल्यामुळे लोकांना तो पटतोही. पण त्यात लॅपटॉप आधी चित्र लहान करतो आणि टीव्ही तेच परत मोठं करतो. अशी दोनदा ओढाताण झालेली अक्षरं धारदार दिसूच शकत नाहीत. टीव्हीत पर्यायच नसेल तरच तिकडे वळा.

रात्रपाळी

पांढुरकी कड दिसते म्हणालात ना, ती शार्पनेसची करामत. टीव्ही रंग बदलतो तिथली कड शोधून तिला उठाव देतो. दूरवरून सिनेमा बघताना ते बरं वाटतं, पण अक्षर म्हणजे नुसत्या कडाच असतात, त्यामुळे प्रत्येकाभोवती एक भूत उभं राहतं. शार्पनेस शून्यावर आणा. काही टीव्हीत मात्र शून्याला चित्र उलट मऊ होतं आणि मधला आकडा तटस्थ असतो. म्हणून पांढऱ्या पानावर काळी अक्षरं उघडून ठेवा आणि कड नाहीशी होईपर्यंत एकेक पायरी उतरत जा.

नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, हालचाल गुळगुळीत करणारं मोशनचं सेटिंग, हे सगळं बंद करा. माउस ओढल्यावर बाण मागे रेंगाळतो तोही यांच्यामुळेच.

पाऊलवाट

दोघांचे मनापासून आभार. टास्कबार पूर्ण दिसला, घड्याळासकट. शार्पनेस उतरवल्यावर पांढरी कडही गेली, काळी अक्षरं पुष्कळ सुधारली. लाल अक्षरं मात्र तशीच. पांढऱ्यावरची लाल जरा तरी वाचता येतात, पण एक्सेलमध्ये निळ्या रकान्यात लाल आकडा असला की ३ आहे का ८ तेच कळत नाही. हिशेबात हे चालणार नाही.

तारतम्य

हा वेगळा मामला आहे, आणि टीव्हीला संगणक जोडणाऱ्या बहुतेकांना तो कुणी सांगितलेलाच नसतो, म्हणून सविस्तर लिहितो.

माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला बारकावा चांगला दिसतो, रंगांतला तितका नाही. याचा फायदा घेऊन व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची पाठवतात आणि रंगाची माहिती वाचवतात. ४:४:४ म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग. ४:२:२ मध्ये आडव्या शेजारच्या दोन पिक्सेलांना मिळून एक रंग. ४:२:० मध्ये दोन बाय दोनच्या चौकोनाला, म्हणजे चार पिक्सेलांना मिळून एकच. डिस्कवरचा किंवा इंटरनेटवरून येणारा सिनेमा जवळजवळ नेहमी ४:२:० असतो, म्हणून टीव्ही त्यावरच खूष असतो. पांढऱ्यावर काळं अक्षर असेल तर सगळा फरक उजेडाचाच, त्यामुळे ते बऱ्यापैकी टिकतं. निळ्यावर लाल असेल तर उजेडात फारसा फरक नाही, जो आहे तो रंगाचा, आणि तोच तर वाटेत गाळलेला. तुमचा ३ आणि ८ तिथे एक होतो.

आता शोध घेऊ. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि तिथून 'अॅडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडा. वर टीव्हीचं नाव निवडा. तिथे डेस्कटॉपचं रिझोल्यूशन आणि प्रत्यक्ष बाहेर जाणाऱ्या सिग्नलचं रिझोल्यूशन वेगवेगळं लिहिलेलं असतं, शिवाय रिफ्रेश रेट (सेकंदाला किती चित्रं), बिट डेप्थ (रंगाला किती बिट) आणि कलर फॉरमॅट. इथे ते जसंच्या तसं लिहा.

तोवर टीव्हीकडे दोन कामं. पहिलं, त्या एचडीएमआय इनपुटचं नाव किंवा चिन्ह बदलून 'पीसी' करा. एलजी आणि सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलांत हे नुसतं नाव नसतं. ते दिल्यावर टीव्ही आतली चित्रप्रक्रिया बाजूला ठेवतो आणि ४:४:४ पूर्ण दाखवतो. हे केलं नाही तर लॅपटॉपने पूर्ण रंग पाठवूनही टीव्ही आतल्या आत तो गाळतो. दुसरं, त्या इनपुटची पूर्ण क्षमता उघडा. एलजीत याला 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर' म्हणतात, सॅमसंगमध्ये 'एचडीएमआय यूएचडी कलर' किंवा नव्या मॉडेलांत 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीत 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट'मध्ये 'एन्हान्स्ड'. प्रत्येक इनपुटला हे स्वतंत्र असतं. केबल कुठल्या भोकात आहे ते टीव्हीच्या मागे वाकून एकदा बघाच, कारण काही टीव्हीत पूर्ण क्षमतेचं एखाददुसरंच असतं.

पाऊलवाट

इनपुटला 'पीसी' केलं, डीप कलरही चालू केलं. लाल अक्षरं एकदम कोरल्यासारखी! आईला दाखवलं तर तिने लगेच वही-पेन बाजूला ठेवलं.

अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये असं आहे: डेस्कटॉप ३८४० × २१६०, सिग्नल ३८४० × २१६०, ३० हर्ट्झ, ८ बिट, आरजीबी. ३० च्या वर पर्यायच येत नाही. माउसचा बाण अडखळत चालतो, ते यामुळे का?

तारतम्य

हो, यामुळेच. सेकंदाला तीसच चित्रं म्हटल्यावर बाण उड्या मारणार. आरजीबी म्हणजे मात्र पूर्ण रंग, ४:४:४ सारखाच, ते ठीक आहे.

तुमच्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ च्या पिढीचं दिसतंय. १.४ आलं २००९ साली, तारेतून सेकंदाला १०.२ गिगाबिट, आणि त्यात फोरके ३० हर्ट्झच्या पुढे जात नाही. २०१३ च्या २.० मध्ये ती मर्यादा १८ गिगाबिट झाली. फोरके, ६० हर्ट्झ, ८ बिट, पूर्ण रंग याला १७.८२ गिगाबिट लागतात, म्हणजे ते त्यात जेमतेम बसतं. २०१७ च्या २.१ मध्ये ४८ गिगाबिट आहेत, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

हा 'जेमतेम' शब्द लक्षात ठेवा. २.० वर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र, चालू केलं की १० बिट रंग लागतो, तो फोरके-६० ला १८ मध्ये मावत नाही, आणि संगणक गपचूप ४:२:२ किंवा ४:२:० वर उतरतो. अक्षरं पुन्हा फिसकटतात आणि माणूस कारण शोधत बसतो. हिशेबाच्या कामाला एचडीआर बंदच बरं.

लॅपटॉपला यूएसबी-सी आहे का? त्याच्या शेजारी डीपी असं छोटं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज दिसते का? असेल तर त्यातून डिस्प्लेपोर्टचा, म्हणजे एचडीएमआयसारख्याच दुसऱ्या पद्धतीचा, चित्राचा सिग्नल निघतो. 'फोरके ६० हर्ट्झ' असं स्पष्ट लिहिलेला यूएसबी-सी ते एचडीएमआय अॅडॉप्टर घ्या. नुसतं 'फोरके' लिहिलेले पुष्कळसे ३० वरच अडतात. चिन्ह नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेलची माहितीपत्रिका बघितल्याशिवाय घेऊ नका. नुसता चार्जिंग-डेटाचा यूएसबी-सी असेल तर कुठलाही साधा अॅडॉप्टर लावा, चित्र येणार नाही.

सायंतारा

मी असाच पेच १०८०पी (१९२० × १०८०) ६० हर्ट्झ ठेवून सोडवला. फोरके म्हणजे बरोबर दुप्पट, त्यामुळे अक्षरं ठीक दिसतात आणि बाणही पळतो. अॅडॉप्टर कशाला?

तारतम्य

हिशेब बरोबर आहे, १०८०पी चा एक पिक्सेल म्हणजे फोरकेचे अगदी चार. पण बहुतेक टीव्ही तसे चार ठोकळे ठेवत नाहीत, मधले रंग मिसळून गुळगुळीत करतात. दूर बसून चालून जाईल. जवळ बसून दिवसभर आकडे वाचायचे असतील तर मी खरं फोरके घेईन आणि विंडोजमध्ये स्केल, म्हणजे अक्षरांचा-आयकॉनांचा आकार, वाढवीन. मोठ्या फोरके टीव्हीला विंडोज बहुधा ३०० टक्के सुचवतं. टेबलाशी बसणाऱ्याला ते फार होतं, १५० किंवा १७५ करून बघा.

आणि पाऊलवाट, विंडोज आणि पी एकत्र दाबल्यावर 'डुप्लिकेट' न निवडता 'सेकंड स्क्रीन ओन्ली' किंवा 'एक्स्टेंड' निवडा. डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांना जमेल असंच रिझोल्यूशन घेतलं जातं, म्हणजे लॅपटॉपचा छोटा पडदा टीव्हीलाही खाली ओढतो.

पाऊलवाट

थंडरबोल्टची खूण आहे. अॅडॉप्टर मागवतो. बिनतारी जोडलं तर चालेल का, एवढं एक सांगा.

रात्रपाळी

फोटो दाखवायला चालेल. मिराकास्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या बिनतारी जोडणीत, चित्र व्हिडिओसारखं दाबून पाठवतात. अक्षरं परत पुसट होतील आणि बाण उशिरा हलेल. आईंच्या कामाला तारच.

शेवटचा बाक

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे अक्षरं उत्तम आहेत, पण काळा रंग काळा दिसतच नाही. राखाडी, धुक्यातल्यासारखा. ब्राइटनेस उतरवला तर बाकीचं चित्रही मरतं. टीव्हीचा पडदा जुना झाला म्हणायचं का?

तारतम्य

पडद्याला दोष देण्याआधी टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. मेनूतला काळा रंग गडद आहे आणि त्यामागचं लॅपटॉपचं चित्र तेवढं धुरकट आहे, असं असेल तर पडदा ठणठणीत आहे. ही तपासणी कुठल्याही तक्रारीत आधी करावी. मेनू टीव्ही स्वतः काढतो, तो तारेतून येत नाही. मेनूतही बिघाड दिसला तर टीव्ही, मेनू स्वच्छ असेल तर दोष तारेत, संगणकात किंवा टीव्हीच्या त्या इनपुटच्या सेटिंगमध्ये. संगणकाच्या बाजूने स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर बघा. स्क्रीनशॉट चांगला असेल तर दोष विंडोज किंवा प्रोग्रामच्या पुढे कुठेतरी आहे.

तुमचा प्रश्न मात्र मला रेंजचा वाटतो. संगणकासाठी काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. व्हिडिओच्या जगात काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर. संगणक १६-२३५ पाठवतोय आणि टीव्ही ०-२५५ धरून बसलाय, तर १६ ला तो गडद राखाडी समजणार. तेच तुमचं धुकं. उलटं झालं तर १६ च्या खालचं सगळं ठार काळं होतं, काळ्या कोटाच्या घड्या गायब होतात आणि ढग नुसते पांढरे फटक दिसतात.

दोन्हीकडे एकच मोजमाप ठेवायचं, बस. संगणकावर एनव्हिडियात 'आउटपुट डायनॅमिक रेंज' फुल करा. एएमडीत पिक्सेल फॉरमॅटमध्ये 'आरजीबी ४:४:४ पीसी स्टँडर्ड' निवडा, इंटेलमध्ये 'क्वांटायझेशन रेंज' फुल. लिनक्सवाल्यांनी इंटेलच्या ग्राफिक्ससाठी 'ब्रॉडकास्ट आरजीबी' हा गुण फुल करावा. टीव्हीवर 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' किंवा 'ब्लॅक लेव्हल' शोधा आणि दोन्ही पर्याय लावून बघा. एकात धुकं जाईल. त्यानंतरच ब्राइटनेसला हात लावा.

शेवटचा बाक

मेनू अगदी काळाभोर. म्हणजे पडदा बरा आहे, जीव भांड्यात पडला. ग्राफिक्समध्ये 'लिमिटेड' होतं. फुल केल्याबरोबर धुकं गेलं.

गच्चीवर

माझा टीव्ही मधूनमधून दोन सेकंद काळा होतो, मग आपोआप परत. कधी कधी हिरवे ठिपके. वरच्या चर्चेवरून केबल असं वाटतं. केबल दहा मीटरची आहे, भिंतीतून नेलेली. दुकानात सांगितलं होतं की सोन्याच्या मुलाम्याची आहे, रंगही जास्त खुलतात.

तारतम्य

रंग केबलमुळे खुलत नाहीत, तो दावा सोडून द्या. पण तुमची लक्षणं केबलचीच आहेत. भिंत फोडण्याआधी रिफ्रेश रेट ६० वरून ३० वर, किंवा रिझोल्यूशन १०८०पी वर आणा आणि थोडा वेळ वापरा. ठिपके आणि अंधार थांबले तर तार कमी भार झेलते, पूर्ण झेलत नाही, हे सिद्ध झालं. मध्ये अॅम्प्लिफायर, स्विच किंवा स्प्लिटर असेल तर एकदा तो वगळून सरळ जोडून बघा. पुष्कळदा चोर तिथे सापडतो.

साध्या तांब्याच्या केबलकडून १८ गिगाबिटची अपेक्षा पाच मीटरच्या आसपास संपते. दहा मीटरला ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. भिंतीत ओढण्याआधी जमिनीवर पसरून चालवून बघा. उलटी ओढली तर चित्रच येत नाही, आणि सगळी मेहनत परत. आखूड केबल घेणाऱ्यांनी फोरके-६० साठी 'प्रीमियम हाय स्पीड' आणि ४८ गिगाबिटसाठी 'अल्ट्रा हाय स्पीड' हे प्रमाणपत्राचं लेबल बघावं. लेबलवरचा कोड मोबाइलने स्कॅन करून खरेपणा तपासता येतो.

नवी पाटी

डेस्कटॉपचं चित्रच येत नाही. टीव्ही 'नो सिग्नल' म्हणतो. पंखे फिरतात, सुरू झाल्याचा आवाजही स्पीकरमधून येतो. हल्लीच वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं आहे.

रात्रपाळी

केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला तर नाही ना? यूएसबी आणि आवाजाच्या भोकांशेजारचं ते मदरबोर्डचं. कार्डाचं खाली, आडव्या पट्टीत असतं. कार्ड बसवल्यावर मदरबोर्डचं बहुधा बंद होतं, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर ते कधीच चालू नसतं.

कार्डाला लावूनही नाही आलं तर टीव्ही आधी चालू करून त्याच इनपुटवर ठेवा, मग संगणक सुरू करा. टीव्हीला काय काय झेपतं याची छोटी यादी, ईडीआयडी, संगणक त्याच तारेतून वाचतो. ती वाचता आली नाही तर कधी चित्र येत नाही, कधी ६४० × ४८० एवढंच येतं. दोघांची वीज भिंतीपाशी एकदा बंद करून मिनिटभराने लावली तरी अडकलेलं संभाषण सुटतं. विंडोज चालू असताना पडदा गेला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

नवी पाटी

मदरबोर्डलाच होती. कार्डाला लावली, आलं! पण एका ठिकाणचे सिनेमे लावले की फक्त तेवढ्या खिडकीत काळं, आवाज चालू.

तारतम्य

ती नक्कल-प्रतिबंधाची कुलूपयंत्रणा, एचडीसीपी. संगणकापासून टीव्हीपर्यंतच्या प्रत्येक उपकरणाला ती कळावी लागते. मध्ये जुना स्विच किंवा अॅडॉप्टर असेल तर तो काढून सरळ जोडा. दुसरा जुना मॉनिटरही जोडलेला असेल तर तो सोडवून बघा.

सायंतारा

जुन्या टीव्हीचं कुणी सांगेल का? ३२ इंची, एचडी रेडी, व्हीजीएने जोडलेला. माहितीपुस्तिकेत १३६६ × ७६८ आहे, पण यादीत ते येतच नाही. आणि चार्जर लावला की एक फिकट आडवा पट्टा हळूहळू वर सरकत राहतो.

तारतम्य

१३६६ ला ८ ने भाग जात नाही, आणि जुन्या ग्राफिक्सना तसाच आकडा लागायचा. म्हणून यादीत १३६० × ७६८ शोधा. दोन्ही बाजूंना तीन-तीन पिक्सेल रिकामे राहतील, नजरेला कळणारही नाही. १२८० × ७२० घेऊ नका, ते ताणलं जातं. रिझोल्यूशन बसलं की अक्षरांनी भरलेलं पान उघडा आणि टीव्हीच्या मेनूतून 'ऑटो अॅडजस्ट' करा. व्हीजीएचा सिग्नल अॅनालॉग असतो, पिक्सेल कुठे सुरू होतो हे टीव्हीला ताडावं लागतं. रिकाम्या डेस्कटॉपवर त्याला ताडायला कडाच मिळत नाहीत. तरी अक्षरांवर उभे पुसट पट्टे राहिले तर 'क्लॉक', आणि सगळीच अक्षरं थरथरली तर 'फेज' हाताने फिरवा.

सरकणारा पट्टा अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा. चार्जर काढल्यावर, लॅपटॉप बॅटरीवर असताना तो जात असेल तर खात्री झाली. लॅपटॉप आणि टीव्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तरी राहिला तर टीव्हीची केबल किंवा अँटेनाची तार काढून बघा. तिने पट्टा गेला तर त्या तारेला हा फेरा तोडणारा आयसोलेटर मिळतो. चार्जरच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र काढू किंवा तोडू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. पट्टा जाईल, पण शॉक लागण्यापासून वाचवणारी ती एकच पिन आहे.